आपले दहा

१

रविवार उजाडला की वाल्मीकचं कामात लक्ष लागत नसे. विजेचे मोठमोठे मनोरे उभारणाऱ्या एका ठेकेदाराकडे तो फिटर होता. चार महिने कोरब्याला, तीन महिने आसामात, मग ओरिसात कुठेतरी. जिकडे तारा जायच्या तिकडे त्याची पत्र्याची पेटी जायची. गाव बदलायचं, बोली बदलायची, भाताची चव बदलायची. पण रविवारी संध्याकाळी साडेपाचला जवळचा एसटीडी बूथ गाठायचा, काचेचं दार ओढून घ्यायचं आणि ओझरचा नंबर फिरवायचा, हे सहा वर्षांत बदललं नव्हतं.

फोन वाजायचा तो कलाबाईंच्या किराणा दुकानात. ओझरच्या मैदानाला लागूनच ते दुकान होतं. वर पत्र्याचं छप्पर, खाली मातीची जमीन, पुढे लाकडी फळी आणि फळीवर फोन. मॅच संपली की झुंबरमामा तिथे चहाला टेकत. नवजवान मंडळाच्या फुटबॉल टीमचं सगळं मामाच बघायचे. पोरांना पळवण्यापासून बॉल शिवण्यापर्यंत.

"मामा, किती?"

"दोन-एक. आपले दोन."

"मंगळूनं मारला का?"

"एक मंगळ्यानं. असा मारला, तू पाहायला पायजे होतास! त्यांचा गोलकीपर बसूनच राहिला."

मग दत्तूने किती अडवले, रेफ्री कसा होता, मैदानावर पाणी मारलं होतं का, असं सगळं वाल्मीक खोदून खोदून विचारायचा. एक नाव मात्र तो कधी घेत नसे, आणि मामाही घेत नसत. ते नाव जीवनचं होतं. जीवन टीमचा कॅप्टन होता आणि वाल्मीकचा धाकटा भाऊ होता.

एक्क्याण्णव साली वाल्मीकचा गुडघा गेला, तेव्हा मंडळाने त्याला बसवून एकोणीस वर्षांच्या जीवनला कॅप्टन केलं होतं. त्या संध्याकाळी जीवन पेढे घेऊन घरी आला. वाल्मीकच्या हातात त्याचा फुटबॉलचा बूट होता. तो त्याने भावाच्या तोंडावर हाणला. एकदा नाही, तीनदा. जीवनचे पुढचे दोन दात चुलीपुढे पडले. त्यांची आई सखुबाई ते वेचत खाली बसली आणि मान वर न करता म्हणाली, "तू जा बाबा इथून."

तो गेला. पण टीम काही त्याच्या डोक्यातून गेली नाही.

२

सत्त्याण्णवच्या डिसेंबरात तो कोरब्याला होता. त्या रविवारी बूथमधून नंबर फिरवला तर पलीकडे कितीतरी वेळ घंटा वाजत राहिली. ठेवणार तोच कुणीतरी उचलला.

"कलाबाई? मी वाल्मीक. किती झाले?"

"आपले दहा," पलीकडचा माणूस म्हणाला.

आवाज म्हाताऱ्याचा वाटला, ओळखीचा नव्हता. तोंडात काहीतरी धरून बोलल्यासारखा.

"दहा? दहा गोल?" वाल्मीक हसला. "काय चेष्टा करता राव! कोण बोलतंय?"

मागून नुसते आवाज येत होते. स्टड लावलेल्या बुटांनी फरशीवर चालावं तसे. टक टक, टक टक. बरेच जण होते. एखाद्या लांब, बंद जागेत यायचे आणि जायचे, आणि त्यांचा आवाज भिंतींना लागून परत फिरायचा. वाल्मीकच्या मनात आलं, कलाबाईंच्या दुकानाला भिंती तीनच आहेत आणि फरशी तर नाहीच.

"बरं, मंगळू कसा खेळला?" सवयीने त्याच्या तोंडून गेलं.

बुटं थांबली.

"मंगळू," पलीकडचा म्हणाला. सांगितलेलं नाव नीट ऐकून घ्यावं, तसा. आणि फोन बंद झाला.

पुढच्या रविवारी कलाबाईंनीच उचलला. "मागच्या रविवारी? आरं बाबा, मागच्या रविवारी दुकान बंद होतं. मी देवळ्याला बहिणीकडं गेले होते. फोन पेटीत घालून कुलूप लावलेलं. आन् मॅच तरी कुठं होती? ती आज झाली." मग त्यांचा आवाज उतरला. "मामाला देते. वंगाळ झालं रे."

मामांना धड बोलता येत नव्हतं. मंगळू हेडिंगला उडाला होता. खाली आला तो तोंडावर. जबडा दोन जागी तुटला होता, दात घशात गेले होते. "कोणाची लाथ लागली तेच कळंना. त्याच्याजवळ कुणी नव्हतं रे. रेफ्रीपण तेच म्हणतो. आपण शेवटची वीस मिनिटं दहाच जण खेळलो."

बूथच्या काचेवर वाल्मीकच्या श्वासाची वाफ धरली होती. त्याने मनाशी म्हटलं, राँग नंबर लागला असेल. कुणीतरी गंमत केली. फोनच्या तारा कायम एकमेकींत गुंतलेल्या असतात. तारांचं काम करणाऱ्याला हे पटायला जड नव्हतं.

३

दोन महिने सगळं सुरळीत चाललं. नवजवान जिंकायचे, हरायचे, मामा सांगायचे. मंगळूला पातळ खिमट भरवत होते म्हणे. वाल्मीक तोवर आसामात गेला. तिथला बूथ एका मिठाईच्या दुकानात होता आणि फोनला तेलकट वास यायचा.

होळीच्या आधीच्या रविवारी पुन्हा तशीच घंटा लांबली.

"आपले नऊ."

वाल्मीकने फोन ठेवून द्यायला हवा होता, हे त्याला नंतर हजारदा वाटलं. पण माणूस घाबरला की आधी ओळखीचा आधार शोधतो. मागे ती बुटं फरशीवर चालत होती, या वेळी जवळून. तो ओरडला, "कोण आहे तिकडे? दत्तू आहे का? दत्तूला द्या!"

बुटं थांबली.

"दत्तू," म्हातारा म्हणाला.

दत्तू गोलकीपर होता. पेठच्या डोंगरातून कामासाठी ओझरला आलेला, सहा फुटी, अबोल. त्याचं सगळं वाल्मीकला आठ दिवसांनी मामांकडून कळलं. होळीनिमित्त मधल्या बुधवारी मॅच ठेवली होती. आपल्याला कॉर्नर मिळाला होता. दोन्ही टीमची पोरं पलीकडच्या गोलसमोर गोळा झाली होती, सगळ्या पब्लिकचे डोळे तिकडेच. इकडच्या गोलात दत्तू एकटा. गोल झाला, पोरं नाचत मागे वळली, तर दत्तू खांबाशी मुटकुळं होऊन पडलेला.

"वाल्मीक, त्याचं अंग मी धुतलं," मामा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम कोरडा होता. "पोटावर, पाठीवर, मानेवर. नुसते बुटाचे ठसे. सहा सहा स्टडचे. पाच मिनिटं तरी मारत असतील त्याला. आन् मैदानावर दोनशे माणूस होतं. एकानं त्याचा आवाज ऐकला नाय."

"कसा आहे आता?"

"तिसऱ्या दिवशी गेला. त्याची बायको भागीबाई आली होती डोंगरातून. मला विचारत होती, कोणी मारलं? मी काय सांगू तिला?"

त्या संध्याकाळी वाल्मीक कॅम्पवर गेला नाही. नदीकाठी बसून त्याने दोन्ही फोन पुन्हा पुन्हा मनात आणले. आधी आकडा. मग बुटं. मग ती थांबतात, कारण आपण नाव घेतो. जे नाव घेतो तो. बाकी काही समजलं नाही, पण एवढं समजलं.

४

त्याने फोन करणं सोडलं. मे महिन्यात त्याची बदली राजस्थानात बाडमेरकडे झाली. चहूकडे वाळू आणि मध्येच एखादा ढाबा. रविवारी तो मुद्दाम सर्वांत उंच मनोऱ्यावर चढून बसायचा, पाय खाली फोनकडे वळू नयेत म्हणून.

एका गुरुवारी दुपारी ढाब्यावर जेवताना मालकाने हाक मारली. "वाल्मीक कौन है? नासिक से फोन।"

त्याने तो नंबर कुणालाही दिलेला नव्हता. साइट पुढे सरकून त्या ढाब्यापाशी येऊन चारच दिवस झाले होते. उठू नये, असं तो स्वतःला सांगत होता आणि उठत होता. घरी आई आजारी असेल, असंही एक मन म्हणत होतं. त्या मनावर त्याने भरवसा ठेवला आणि रिसीव्हर कानाला लावला.

"आपले आठ."

तो गप्प राहिला. दात आवळून. पलीकडे बुटं चालत होती. मग एकेक करून थांबली. म्हणजे आता ती उभी होती आणि वाट बघत होती. मॅचआधी पोरं दाटीवाटीने उभी राहतात, अंगाला अंग लागतं, कुणी पाय झाडतं, कुणी नाक ओढतं. तसं सगळं ऐकू येत होतं.

"बोला," म्हातारा म्हणाला.

वाल्मीकला रिसीव्हर ठेवता येईना. बोटं जणू दुसऱ्याचीच. आणि तोंड आपोआप उघडायला लागलं. कुणाचं तरी नाव येणार हे त्याला कळलं. जिभेवर जे नाव आलं ते सहा वर्षांत त्याने उच्चारलेलं नव्हतं. इतकी वर्षं ते आत कुठेतरी बसून होतं, आणि ते किती सहज वर आलं याचीच त्याला सर्वांत जास्त भीती वाटली.

"जी..."

त्याने जीभ चावली. करकचून. तोंड रक्ताने भरलं. डोळ्यांसमोर चुलीपुढचे दोन दात आले, आणि ते वेचणारे आईचे हात आले. रक्त गिळून तो म्हणाला, "वाल्मीक. वाल्मीक खेळला का?"



"वाल्मीक," म्हातारा म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज खूश वाटला.

५

रविवारी वाल्मीकने सामानाच्या गोदामात स्वतःला कोंडून घेतलं. पत्र्याच्या भिंती, खाली वाळू. आतून कडी, कडीला तार गुंडाळलेली. हातात दोन हात लांबीचा पाना घेऊन तो तारेच्या वेटोळ्यावर बसला. चार वाजले. बाहेर ऊन पांढरं पडलं होतं आणि पत्रा तापून तडतडत होता. त्याला स्वतःचं हसू आलं. बत्तीस वर्षांचा बाप्या आणि कशाला भितोय! कुणीतरी ढाब्याचा नंबर काढून छळतंय, झालं. सुट्टी टाकून ओझरला जायचं आणि त्याला शोधून त्याचं थोबाड फोडायचं.

सव्वाचारला त्याच्या पाठीमागे फरशीवर बुटं वाजली.

खाली वाळू होती. तरी फरशीच वाजली.

पहिली लाथ त्याच्या जुन्या गुडघ्यावर बसली. त्याने वळून पाना फिरवला, तो पत्र्यावर आदळून हातातून गेला. दुसरी लाथ बरगडीत. आतलं काहीतरी वाळकी काटकी मोडावी तसं मोडलं. तो पडला आणि मग सगळीकडून सुरू झालं. पोटात, पाठीत, मानेवर. कुणी ओरडत नव्हतं, कुणी शिवी देत नव्हतं. फक्त धापा ऐकू येत होत्या, आणि बूट मांसात शिरल्याचा ओला आवाज. जबड्यावर बसली तेव्हा त्याला तोंडात वाळू आणि दात एकदमच लागले.

दाराखाली चार बोटांची फट होती, तिथून ऊन आत येत होतं. त्या उजेडात त्याला त्यांचे पाय दिसले. गुडघ्यापर्यंतच. वर काय होतं ते दिसलं नाही. मोजे पिवळे होते, त्यावर दोन काळे पट्टे. नवजवानचे मोजे. सगळ्यात पुढच्या पायाच्या मोज्याला पोटरीवर लाल दोऱ्याची शिवण होती. ती शिवण त्याला माहीत होती. घरात पिवळा दोरा नव्हता, म्हणून आईने लाल घातला होता. तो मोजा त्याचा स्वतःचा होता.

तो पाय मागे गेला.

६

शुद्ध आली ती जोधपूरच्या दवाखान्यात. उशाशी जीवन बसला होता.

सहा वर्षांत तो रुंद झाला होता. हसला तेव्हा पुढची फट दिसली. "ठेकेदाराच्या माणसानं कलाबाईंना फोन केला," तो म्हणाला. "बोलू नको दादा, जबडा तारेनं बांधलाय. घरी जाऊ. आई वाट बघतीय." एवढं बोलून त्याने वाल्मीकच्या कपाळावर हात ठेवला. वाल्मीकच्या डोळ्यांतून पाणी कानात उतरत राहिलं.

पंधरा दिवसांनी जीवनने भावाला रेल्वेने नाशिकला आणलं आणि एका खाजगी दवाखान्यात ठेवलं. दुसरा मजला, कोपऱ्यातली खोली. वाल्मीकची मान पट्ट्यात जखडलेली, उजवा हात प्लास्टरमध्ये. जीवन त्याला नळीने मोसंबीचा रस पाजायचा, लघवीचं भांडं द्यायचा. जुनं काही त्याने एकदाही काढलं नाही.

गुरुवारी दुपारी तो बाहेर जाऊन आला आणि म्हणाला, "दादा, तुझ्यासाठी फोन होता. प्रतिभा सिस्टरनी बोलवलं. ओझरचा कुणी म्हातारा होता. म्हणतो, आपले सात. मी म्हटलं काका, मॅच तर रविवारी, सात कुठनं आले? गप्पच. माणसं बुटं घालून फिरत होती तिकडं, काही ऐकू येईना. मग मी विचारलं, आपली पोरं सगळी बरी हायेत ना?" जीवन हसला. "तर म्हणतो, सगळी. आन् ठेवून दिला."

वाल्मीकच्या घशातून जो आवाज निघाला त्याने शेजारच्या खोलीतला पेशंट उठून बसला. जबड्याची तार हिरडीत घुसली, रक्त हनुवटीवर आलं. डाव्या हाताने त्याने कागद मागितला आणि लिहिलं, रविवारी मैदानात उतरू नका. कोणीच नाही. मंगळू, दत्तू, मी. तोच फोन.

जीवनने ते तीनदा वाचलं. तो काही विचारणार होता. मग त्याने भावाच्या छातीवरचे सहा सहा ठिपक्यांचे काळे डाग पाहिले. कागदाची घडी खिशात घातली आणि खाली जाऊन झुंबरमामांना फोन लावला. मामांनीही जास्त विचारलं नाही. दत्तूचं अंग त्यांनीच धुतलं होतं. मॅच सोडून दिली. पोरांना सांगितलं, रविवारी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही.

७

रविवारी चारला जीवन खुर्चीवर बसून मोसंबी सोलत होता. दार लावलेलं होतं. तो बरंच काही बोलत होता. मळ्यातल्या वांग्यांचं, आईच्या मोतीबिंदूचं. मध्येच थांबला.

"बाहेर कोण बुटं घालून फिरतंय?"

वाल्मीकनेही ऐकलं होतं. टक टक, टक टक. लांब बोळ, दोन्हीकडे भिंती, खाली गुळगुळीत फरशी. आवाज भिंतींना लागून परत फिरत होता. कोरब्याला ऐकला होता, आसामात, बाडमेरला. तो ज्या जागेतून येत होता ती जागा ही होती. या दाराबाहेरची.

बुटं दारापाशी थांबली. दार उघडलं नाही. तरी पुढचा टक आवाज खोलीत, जीवनच्या खुर्चीमागे झाला. जीवनची मान झटक्यात पुढे आली, मोसंबी घरंगळली, आणि तो पालथा पडला.

वाल्मीकने सलाइन ओढून तोडलं. मानेचा पट्टा, प्लास्टर, तुटक्या बरगड्या, सगळ्यासकट त्याने पलंगावरून स्वतःला खाली लोटलं, तो थेट जीवनच्या अंगावर. त्याचं डोकं छातीखाली घेतलं, गुडघे आवळले. लाथ आली ती त्याच्या पाठीवर आली. दुसरी. तिसरी. कमरेत एक बसली आणि त्यानंतर त्याला पाय असल्याचं जाणवलंच नाही. खालून जीवन ओरडत होता, "दादा, ऊठ! मारतील तुला! ऊठ!" वाल्मीक उठला नाही. तारेने बांधलेल्या तोंडातून तो भावाच्या केसांत नुसतं हुं हुं करत राहिला, लहान पोराला थोपटतात तसं.

प्रतिभा सिस्टरनी दार उघडलं तेव्हा खोलीत दोघंच होते.

८

ओझरला त्या दिवशी राखीव पोरं धरून दहा घरांत आरडाओरडा झाला. कुणी जेवणाच्या ताटावर होता, कुणी खाटेवर पडलेला, एक जण न्हाणीत. चौघं गेले. बाकीचे कुबड्यांवर आले. पोलिसांनी दोन वर्षं तपास केला, दुसऱ्या टीमच्या पोरांना उचललं, सोडलं. मंडळ बुडालं. झुंबरमामा लेकीकडे निघून गेले.

वाल्मीक कमरेखाली लुळा झाला. जबडा पुढे सांधला, बोलता येऊ लागलं. जीवनचा एक खांदा निकामी झाला, एवढंच. दोघं आईला घेऊन सायखेड्याला आले आणि थोडी जमीन कसायला घेतली. जीवन वांगी, झेंडू लावतो. वाटेत कुणी भेटून "काय, घरचे बरे ना?" म्हणालं, तर तो मान खाली घालून पुढे जातो. लोक म्हणतात, माजलाय. आई गेली तेव्हा नातेवाइकांना त्याने पत्रं टाकली, पण कुणाची खुशाली विचारली नाही.

त्याचं लग्न झालं. दोन हजार तीन साली त्याची बायको छाया बाळंत व्हायला नाशिकला गेली, तेव्हा दोघं भाऊ दिवसभर ओट्यावर बसून होते. गावात फोन होता. जीवन उठायचा, रस्त्यापर्यंत जायचा, परत यायचा. दुसऱ्या दिवशी सासूने येऊन सांगितलं, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून रडला.

बारशाला मुलीचं नाव आशा ठेवलं. छाया त्या नावाने हाक मारते. जीवन कधीच मारत नाही. "अगं," म्हणतो, "ए पोरी" म्हणतो.

आशा आता चार वर्षांची आहे. परवा ती वाल्मीकच्या खाटेवर चढली, त्याच्या वाकड्या जबड्यावर बोट फिरवत बसली आणि म्हणाली, "काका, तू मला नावानं हाक मार ना. एकदाच."

वाल्मीकने तिला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवली. तिचं नाव त्याच्या जिभेवर होतं. तो दाराकडे बघत राहिला.

"मार ना," ती म्हणाली.